पत्रावळीच्या कडेला

मांस, अंडी, दूध यांतून मिळणारी प्रथिनं डाळींतून किंवा बुरशीतून मिळवता येतील का, या प्रश्नाभोवती कराड आणि सांगलीच्या कॉलेजांतली मुलं जमू लागली आहेत, एवढ्या माहितीवर मी गेल्या हिवाळ्याच्या शेवटी तिकडे गेले. परतल्यावर घरच्यांनी विचारलं, काय पाहिलंस? मी सांगितलं, शेतं पाहिली, जत्रा पाहिली, प्रयोगशाळा पाहिली. हे सगळं खरं होतं. पण मुख्यतः मी एक भांडण पाहिलं, आणि ते भांडण माझं नव्हतं याचं मला पूर्ण प्रवासभर वाईट वाटत राहिलं.

कराड

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र वळतात. संध्याकाळी घाटावर कॉलेजची मुलं बसलेली असतात. समीना मुलाणी मला तिथेच भेटली. ती अभियांत्रिकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारीक, चष्मा, बोलताना समोरच्याच्या हाताकडे पाहण्याची सवय. इथला गट तिने सुरू केला. गटाला कागदोपत्री नाव आहे, पण कॉलेजात सगळे त्याला ‘हुलगा मंडळ’ म्हणतात. आधी चेष्टेने म्हणायचे, आता नुसतंच म्हणतात.

हुलगा म्हणजे कुळीथ. मी अलिबागची. आमच्याकडे कुळथाची पिठी पावसाळ्यात मासे नसताना करतात, म्हणजे नाइलाजाने. इथे कोरडवाहू रानात हुलगा पिकतो आणि त्याचं माडगं आजाऱ्याला देतात. दोन्हीकडे त्याला मान नाही. समीनाच्या मंडळाने त्याच हुलग्यातून मटणाच्या तुकड्यासारखा तुकडा करायचं ठरवलं.

मंडळाची जागा म्हणजे कॉलेजच्या जुन्या कँटीनमागची कोठी. तिथे एक मिक्सर, दोन कुकर आणि शेव पाडायचा पितळी सोऱ्या आहे. भिजवून वाटलेला हुलगा आणि गव्हाचा चीक एकत्र मळून सोऱ्यातून काढतात, धागे एकावर एक रचून दाबतात, मग वाफवतात. धाग्यांमुळे तुकडा चावताना मांसासारखा लागावा, अशी अपेक्षा असते.

शनिवारी दुपारी चव घेण्याची बैठक होती. मुलं घरून भाकरी घेऊन आली होती. मलाही वाटी मिळाली. खाऊन झाल्यावर सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“छान झालंय,” मी म्हणाले.

एकदम हशा झाला. समीनाने कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं. “मॅडम, हितं छान म्हणायला बंदी हाय. जो छान म्हणतो तो भांडी घासतो.”

“अगं, पाहुण्या आहेत त्या,” एक मुलगी म्हणाली.

“मग पाव्हण्यांनी पाव्हण्यागत घासावी. आमी घासतो तशी नको, स्वच्छ.”

मी भांडी घासली. माझ्यामागे बैठक चालू राहिली. एकजण म्हणाला, तुकडा तोंडात पिठूळ होतोय. दुसरी म्हणाली, मिठाची पोच आतपर्यंत नाही. तिसरा म्हणाला, काल याच्यापेक्षा बरा होता, म्हणजे तूच काहीतरी बिघडवलंस. कोणी रागावलं नाही. मी शिकत होते तेव्हा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही एकमेकांपासून निरीक्षणं झाकून ठेवायचो. ताटं विसळताना मला ते आठवत होतं, आणि या मुलांबद्दल जे वाटत होतं त्याला कौतुक म्हणणं अचूक ठरणार नाही.

दुसऱ्या दिवशी समीनाच्या घरी जेवले. तिचे वडील गुलाबभाई मटणाचं दुकान चालवतात. शिवाय आसपासच्या गावांत जत्रा असली की बकरी त्यांच्या हातून कापली जातात; मुलाण्याचा तो पिढीजात मान आहे आणि त्याबद्दल त्यांना मटणाचा वाटा मिळतो. त्यांनी मला आग्रहाने वाढलं आणि मुलीकडे मान वळवली.

“बघा मॅडम. माझ्याच घरात बसून माझं गिऱ्हाईक तोडाय निघालीया.”

“तुमचं गिऱ्हाईक माझ्यामुळं न्हाई तुटत, अब्बा. तुमी दुकान उघडायच्या आधी च्याला जाता म्हणून तुटतंय.”

“घरातच इरोधी पक्ष,” गुलाबभाई म्हणाले आणि त्यांनी मला आणखी एक फोड वाढली.

जेवणानंतर समीनाने मला खरी अडचण सांगितली. अशा विद्यार्थी-गटांचं देशभर एक जाळं आहे. त्या जाळ्याची समन्वयक येत्या आठवड्यात येणार होती आणि सातारा-सांगली मिळून एकाच गटाला मान्यता देणार होती. मान्यता मिळाली तर कॉलेज कोठी मंडळाकडे ठेवणार होतं. नाही मिळाली तर तिथे जुन्या खुर्च्या भरायच्या होत्या. समीना उन्हाळ्यानंतर कॉलेजात असणार नव्हती. कोठी गेली की खालच्या वर्गातली मुलं पांगतील, याची तिला खात्री होती.

“आणि दुसरा गट?” मी विचारलं.

“सांगलीचा. सुमेध कांबळे. मंडळाच्या पहिल्या वर्षी दर शनिवारी रेल्वेनं हितं यायचा. आमच्यात बसून जेवला, सगळं बघितलं, आन् जाऊन सांगलीत सोताचं उघडलं.” तिने चष्मा काढून पुसला. “त्यांनी टी-शर्ट छापल्यात.”

सांगली

सांगलीत हळदीच्या पेठेतून रिक्षाने जाताना मी शेजारच्या पोत्याला टेकून बसले, त्यामुळे सुमेधला भेटले तेव्हा माझी पाठ पिवळी होती. त्याने ते लगेच पाहिलं आणि बसायला लाकडी खुर्ची दिली, गादीची नव्हे.

सुमेध सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतो. उंच, सावकाश बोलणारा. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्याच्या गटाकडे सभागृह आहे, फलक आहे, निळे टी-शर्ट आहेत आणि विभागाच्या प्रयोगशाळेत काचेची मोठी भांडी आहेत. साखर कारखान्यातून उरणाऱ्या मळीवर ते खाण्याजोगी बुरशी वाढवतात. ती पांढरी, ओलसर, चादरीसारखी तयार होते. दाबून कापली की कोंबडीच्या फोडीसारखी दिसते. इकडे ऊस आहे, कारखाने आहेत, मळी आहे. विचार पक्का होता.

संध्याकाळी सभागृहात भडंगाचा ढीग वर्तमानपत्रावर ओतून सगळे भोवती बसले. एका मुलाने बुरशीच्या आकडेवारीचा तक्ता दाखवला, टाळ्या झाल्या. एका मुलीने गावात जाऊन केलेल्या बोलण्याचा वृत्तान्त सांगितला, टाळ्या झाल्या. कराडात टाळ्या नव्हत्या. मी दोन्हींची तुलना करत होते, आणि कोणती जागा मला वीस वर्षांपूर्वी मिळायला हवी होती हे ठरवता येत नव्हतं.

सुमेधने स्वतःहून समीनाचा विषय काढला.

“तिला वाटतं मी चोरलं.”

“चोरलंत का?”

“कल्पना कोणाचीच नसते, मॅडम.” मग थांबून म्हणाला, “पण एक सांगतो. माझ्याकडं चाळीस भांडी हायत आणि तिच्याकडं एक सोऱ्या हाय. तरी ती बोलाय लागली की माणसं तिच्याजवळ सरकून बसतात. मी बोललो की वह्या काढतात.”

त्याने मूठभर भडंग उचललं, खाल्लं नाही. परत ठेवलं.

जत

समन्वयक अपूर्वा पुण्याहून आली. पंचविशीतली, व्यवस्थित, घाईत. तिने दोन्ही गटांना एकाच कसोटीला लावायचं ठरवलं. सांगलीच्या गटातल्या बिरू नावाच्या मुलाचं गाव जत तालुक्यात आहे. तिथे बिरोबाची जत्रा होती. इकडे जत्रेचा पहिला दिवस गोड, दुसरा खारा. खाऱ्या दिवशी घरोघरी मटण शिजतं आणि ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, सगळे जेवायला येतात. त्या पंगतीत मटणासोबत दोन्ही गटांचे रस्से वाढायचे आणि लोकांना विचारायचं, असं ठरलं.

आम्ही सगळे एकाच जीपने गेलो. दोन पातेली मध्ये, दोन गट दोन बाजूंना. रस्त्याच्या कडेला ज्वारीची कणसं भरली होती आणि विहिरी कोरड्या होत्या. पाण्याचे टँकर समोरून येत होते. एका वळणावर मेंढरांचा कळप आडवा आला. ब्रेक लागला तसं सांगलीचं पातेलं घसरून समीनाच्या पायाशी आलं. तिने ते पायानेच थोपवलं.

“हात लाव की,” सुमेध म्हणाला.

“हात लावला तर म्हणशील चोरलं.”

बिरूचे वडील आप्पा धिप्पाड, पांढऱ्या फेट्याचे. घरात कानडी, आमच्याशी मराठी. त्यांनी घरामागे दोन वेगळ्या चुली मांडून दिल्या होत्या. कोण कुठली हे त्यांना बिरूने सांगितलं असावं, कारण समीनाला पाहून ते म्हणाले, “तू मुलाण्याची व्हय? मग तुला काय शिकवायचं.”

दोन्ही गटांचा हिशोब असा होता की गावातले माळकरी, म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालून मांसाहार सोडलेले लोक, हे खाणार. अपूर्वाने तीन माळकरी म्हाताऱ्यांसमोर दोन्ही द्रोण ठेवले. त्यांनी लाल तर्री पाहिली, तुकडे पाहिले, आणि द्रोण हळूच पुढे सरकवले.

“यात मटण नाही, बाबा,” अपूर्वा म्हणाली.

“ठावं हाय की. पर आमी मटण सोडलं ते सोडलं. आता त्याचं सोंग कशाला खायाचं?” त्यातला एक म्हणाला, आणि पिठलं मागून घेतलं.

मांसाहारी पंगती मात्र जोरात उठत होत्या. पत्रावळीवर भाकरी चुरलेली, तीन द्रोण. अपूर्वा हात धुवायला निघालेल्या एकेकाला गाठत होती.

“कसं वाटलं?”

“लय भारी.”

“हे हुलग्याचं?”

“मुलाण्याच्या पोरीचा हात हाय. वाईट कसं हुईल?”

“परत खाल?”

“कवाबी बोलवा.”

सगळ्यांनी हेच सांगितलं. मीही लिहून घेत होते. बुरशीच्या रश्श्यालाही लय भारी, हुलग्याच्या रश्श्याला त्याहून जास्त. दुपार कलल्यावर अपूर्वाने दोन्ही गटांना लिंबाखाली बसवलं आणि म्हणाली की ती अजून विचार करणार आहे, पण आजच्यावरून तरी कराडचं पारडं जड आहे.

हुलगा मंडळातली मुलं एकमेकांकडे पाहू लागली. सुमेध म्हणाला, “अभिनंदन.” नंतर त्याचा जबडा हलत राहिला, जणू त्या शब्दाचा तुकडा अजून तोंडात होता.

समीना उठून हात धुवायला गेली. परत आली ती दोन उष्ट्या पत्रावळ्या हातात घेऊन. त्या तिने अपूर्वासमोर जमिनीवर ठेवल्या. भाकरी संपलेली, रस्सा संपलेला. कडेला, जिथे आपण कढीपत्ता काढून ठेवतो तिथे, हुलग्याचे तुकडे. शेजारी बुरशीचे तुकडे. मटणाची फक्त हाडं.

“तिकडं सगळा ढीग असाच हाय,” ती म्हणाली. “ह्यो निकाल धरू नका, ताई.”

“पण लोक तर म्हणाले...”

“जत्रेत पाव्हणा जेवणाला नाव ठेवत न्हाई. दगड शिजवून वाढला तरी लय भारी म्हणून उठंल. नाव ठेवलं तर घरधन्याचा अपमान. अब्बांच्या मागं मी ल्हानपणापासनं जत्रा फिरलीय. हे मला सकाळीच म्हायती हुतं.”

“सकाळी का नाही सांगितलंस?” सुमेधने विचारलं.

“तू हरशील असं वाटलं हुतं म्हणून.”

अपूर्वाने पेन मिटलं. आप्पा जवळच खाटेवर बसले होते. त्यांना राहवलं नाही.

“कोन म्हनतं खाल्लं न्हाई? समद्यांनी पोटभर खाल्लं.”

“आप्पा,” समीना त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “तुमी माझ्या आजोबासारखं. खरं सांगा. तुकडा कसा हुता?”

आप्पांनी फेटा काढला, झटकला, परत घातला. बिरूकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं.

“रस्सा चांगला हुता,” ते म्हणाले.

सगळ्यात आधी सुमेध हसला. मग समीनाने दुसऱ्या पत्रावळीकडे बोट दाखवलं. “आन् हे पान तुझं हाय. मी बघितलं तुला ठेवताना. माझा एक तुकडा खाल्ला न्हाईस.”

“तू माझा किती खाल्लास?”

“मी वाढूनच घेतला न्हाई.”

ऊन उतरलं तसं पातेल्यांत उरलेलं सगळ्यांनी भोवती बसून खायला घेतलं. या वेळी कोठीतला नियम लागू होता. तो कोणी जाहीर केला नाही. सुमेध म्हणाला, हुलग्याचा तुकडा म्हणजे खोडरबर. समीना म्हणाली, तुमचा तर चावायच्या आधीच मरतोय. एक निळ्या टी-शर्टातली मुलगी म्हणाली, दोन्हींत मसाला मटणाचा आहे म्हणून आपण फसतोय. कराडचा एक मुलगा तिच्या पातेल्यातून खात होता. आप्पा मधूनमधून भाकरी आणून टाकत होते.

मी शेजारच्या दगडावर बसले होते. माझंही पान मी पाहिलं होतं: मटण संपलेलं, बाकीचं कडेला. पण माझं मत कोणी विचारलं नाही. मी छान म्हणणाऱ्यांतली आहे, हे एव्हाना सगळ्यांना माहीत होतं. त्या पातेल्याभोवती एक जागा रिकामी होती. तिथे सरकून बसणं अवघड नव्हतं. मी बसले नाही, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांचा इतका हेवा आपल्याला वाटतो आहे हे लक्षात आल्यावर रस्त्याने जाणाऱ्या टँकरकडे पाहत राहिले.

परत सांगली

दुसऱ्या दिवशी सकाळी अपूर्वाने निर्णय सांगितला. मान्यता सांगलीच्या गटाला. तिची कारणं स्पष्ट होती: प्रयोगशाळा आहे, मुलं जास्त आहेत, सुमेध आणखी काही वर्षं तिथेच आहे. समीनाने जे केलं त्याबद्दल आदर वाटतो, असंही ती म्हणाली. समीनाने मान हलवली. आदराने कोठी राहणार नव्हती.

ती राहिलीही नाही. परवा फोनवर समीनाने सांगितलं की तिथे खुर्च्या भरल्या आहेत आणि मंडळ आता शनिवारी गुलाबभाईंच्या दुकानामागच्या ओसरीत बसतं. दुकान चालू असतं. गिऱ्हाइकांना हुलगा चाखायला देतात. काही घेतात, काही मटणच तोलायला सांगतात.

पण कोठी गेली तरी मंडळ थांबणार नाही याचा अंदाज मला त्या सकाळी सांगलीच्या एसटी स्टँडवरच यायला हवा होता. समीना कराडच्या गाडीत खिडकीशी बसली होती. बाकीची मुलं मागच्या बाकांवर झोपेला आली होती. माझी गाडी वेळाने होती, म्हणून मी फलाटावर उभी होते. सुमेध धावत आला आणि खिडकीखाली थांबला.

“नाव दोघांचं लावू,” तो म्हणाला. “मी अपूर्वाताईंना सांगतो.”

“उष्टं नाव नको मला.”

“मग काय करणार?”

“काय करणार म्हंजे? तुकडा टाकून देणार.” ती खिडकीतून बाहेर झुकली. “लोकांनी तुकडा कडेला ठेवला, रस्सा पुसून खाल्ला. मग तुकडाच कशाला पायजे? प्रथिनं रश्श्यात घालायची.”

“रश्श्यात बसतील किती? घट्ट होऊन पिठलं होईल.”

“बारीक केलं तर न्हाई होत.”

“किती बारीक? तुझ्या मिक्सरला जमणार न्हाई ते.”

“तुझ्या बुरशीला तर रंगच...”

कंडक्टरने घंटी मारली. गाडी मागे सरकू लागली. सुमेध खिडकीबरोबर चालत होता, एक हात गजावर ठेवून, दुसऱ्या हाताने बुरशीची बाजू मांडत. समीना मान हलवून नाही, नाही म्हणत होती. गाडी वळणासाठी थांबली तेव्हा तो उडी मारून दारातून आत शिरला आणि त्याने मागे वळून एकदाही पाहिलं नाही. त्याच्याकडे पिशवी नव्हती. कराडला जाऊन परत कधी येणार हे त्याने कोणाला सांगितलेलं दिसत नव्हतं.

खिडकीतून ते दोघं दिसत होते. तो उभाच होता, ती बसलेली, दोघेही एकाच वेळी बोलत. कंडक्टर तिकिटाची पिशवी घेऊन त्यांच्याजवळ थांबला होता आणि त्याला बोलायला फट मिळत नव्हती.

मी माझ्या गाडीच्या बाकावर जाऊन बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, भांडणं झाली वाटतं पोरांची. मी म्हणाले, हो. त्या म्हणाल्या, मिटतील. मिटू नयेत, एवढंच मला वाटत होतं, आणि तेही त्यांच्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त.